मॅगेलनचा दुभाष्या

मॅगेलनने जगाला पहिली प्रदक्षिणा घातली, असे आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात प्रदक्षिणा अर्ध्यावर असतानाच, २७ एप्रिल १५२१ रोजी, फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावर तो मारला गेला. पुढे ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज १८ माणसांनिशी स्पेनला पोचले, ते ६ सप्टेंबर १५२२ ला. पण त्यांच्याही दीड वर्ष आधी जवळजवळ पुरी फेरी झालेला एक माणूस होता, आणि तो आपल्या या सामुद्रधुनीकडचा होता.

पोर्तुगीज मॅगेलन १५०५ मध्ये आल्मेइदाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला. १५१० साली अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकले आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. आजच्या रॅफल्स प्लेसपासून हे बंदर जेमतेम दोनशे किलोमीटर. त्या स्वारीत मॅगेलन होता. तिथे त्याला एक पोरगा गुलाम म्हणून मिळाला. बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव एनरिके ठेवले. आईबापांनी ठेवलेले नाव कोणी लिहून ठेवले नाही.

मालकाबरोबर एनरिके युरोपात गेला. १५१९ मध्ये, स्पेनच्या राजाची पाच जहाजे घेऊन निघताना, मॅगेलनने मृत्युपत्र केले: माझ्या मृत्यूनंतर एनरिके मोकळा, आणि माझ्या मिळकतीतून त्याला १०,००० मारावेदी द्यावेत. त्यात त्याचे वय अंदाजे २६ दिले आहे.

मग अटलांटिक, दक्षिण अमेरिकेच्या टोकाची खाडी, पॅसिफिकवरची उपासमार. २८ मार्च १५२१ रोजी लिमासावा बेटाजवळ आठ माणसांची एक होडी आली. एनरिकेने मलायी भाषेत हाक मारली आणि त्यांना ती कळली! पश्चिमेकडे जाता जाता पूर्व आली, याची पहिली खूण नकाशावर नव्हे, बोलण्यात सापडली.

महिन्याभरात मालक मेला. जखमी एनरिके पांघरूण घेऊन पडून राहिला. मॅगेलनचा मेहुणा दुआर्ते बार्बोसा त्याला म्हणाला, धनी मेला म्हणून तू सुटलास असे समजू नकोस, स्पेनला परतल्यावर तू बाईसाहेबांचा गुलाम. जहाजावरचा इटालियन बखरकार पिगाफेत्ता हे लिहितो, आणि एनरिकेने सेबूच्या राजाशी संगनमत केले असेही लिहितो. १ मे रोजी राजाच्या मेजवानीत बरेच खलाशी कापले गेले. परतलेल्या एकाने मात्र खलाशांनी तिथल्या बायकांवर केलेले अत्याचार हे कारण सांगितले. बखर लिहिणारा धन्यांच्या बाजूचा होता, एवढे ध्यानात ठेवून मी ते आरोप वाचतो.

गुलामी आणि गिरमिट एक नव्हेत. गिरमिटाला मुदत होती, मजुरी होती. पण सुटकेचा कागद एकाने लिहायचा आणि तो पाळायचा की नाही हे दुसऱ्याने ठरवायचे, ही तऱ्हा आपल्या आज्या-पणज्यांना नवी वाटली नसती.

सेबूपासून मलाक्का रेखांशाने सुमारे २२ अंश. एनरिकेच्या फेरीतले तेवढेच उरले होते. ते अंतर तोडायचे तर वाट याच सिंगापूरच्या किनाऱ्यासमोरून जाते, रॅफल्स प्लेसच्या पुढ्यात आज भराव घातलेली जमीन आहे आणि तेव्हा पाणी होते, तिथून.