उतारावरचा ट्रॅक्टर

जुना ट्रॅक्टर रात्री उतारावरच का उभा करायचे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. बॅटरी उतरलेली असायची. सकाळी ब्रेक सोडायचा, चाकं घरंगळली की गिअर टाकायचा, की झालं सुरू. जुन्या डिझेल इंजिनाला पुढे विजेची गरजच नसते. म्हणूनच घरोघरी वायरिंगकडे कुणी बघितलं नाही.

१९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्यांचा बी-२७५ मूळचा इंग्लंडच्या घडणीचा. अशा ट्रॅक्टरांवर डायनॅमो असायचा. तो साधारण ११ अँपिअर द्यायचा, तेही इंजिन जोरात फिरलं तरच. १२ व्होल्टवर हे जेमतेम १३० वॉट. पुढचे दोन दिवे ४५-४५ वॉटचे धरले तरी ९० तिथंच गेले. नांगरटीला एवढं पुरत होतं. पण ऊस निघाला, मागे दोन ट्रॉल्या लागल्या, कारखान्यापुढे रात्रभर रांग लागली, की इंजिन मंद, डायनॅमो गप्प आणि दिवे पिवळे. (टेप मात्र कधी बंद पडला नाही!) मागच्या ट्रॉलीच्या लाल दिव्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. त्याच ट्रॉलीवर मराठवाड्यातून तोडणीला आलेल्या बायका लेकरं घेऊन बसलेल्या असतात.

१९६० नंतर सिलिकॉनचे डायोड आले आणि गाड्यांवर आल्टरनेटर बसू लागला. तो मंद इंजिनावरही बॅटरी भरतो. जुन्या ट्रॅक्टरवरही बसवता येतो, पण एक मेख आहे. जुन्या इंग्रजी घडणीत बहुधा बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असायचं. आताच्या आल्टरनेटरला तिथं उणे टोक लागतं. उलटं राहिलं तर डायोड क्षणात जळतात. म्हणून आधी बॅटरीची जोडणी फिरवायची, अँपिअरच्या काट्याच्या वायरी अदलाबदल करायच्या, जुना कटआऊट काढायचा, चार्जिंगची वायर जाड घ्यायची. स्टार्टर मात्र तसाच चालतो. त्याच्या आतली दोन्ही वेटोळी एकदमच उलटतात, म्हणून तो त्याच दिशेला फिरतो. शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम करणारे मिस्त्री भेटतात. काटा कसा जोडला, हे त्यांना विचारायला लाजू नका.

आमच्या बचत गटात ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं की बाकीच्या घरच्यांना रंग आणि टायर दिसतात. आम्ही अंधार पडल्यावर ट्रॉलीच्या मागे जाऊन उभ्या राहतो आणि दिवा लावायला सांगतो. इंजिन मंद ठेवून.