पाच फूट तीन इंचांचा गार्ड

तुम्ही न्यू जर्सीतल्या कॅम्डनमध्ये आहात. हंगाम 1981-82 चा. बाहेर कडाक्याची थंडी, आणि शाळेच्या जिममध्ये मुंगी शिरायला जागा नाही. पाहुणा संघ बॉल्टिमोरच्या डनबार हायस्कूलचा. एकेकाचं नाव पुकारलं जातंय. टायरोन ‘मग्सी’ बोग्सचं नाव येतं, एक पोरगा पळत कोर्टवर येतो आणि प्रेक्षक खो खो हसत सुटतात. उंची पाच फूट तीन इंच!

हसू द्या त्यांना. तुम्ही नजर खाली ठेवा, गुडघ्यांच्या उंचीवर.

कॅम्डनचा गार्ड ड्रिबल करत चेंडू पुढे आणतोय. जमिनीवर आपटलेला चेंडू परत तळहातापर्यंत येईस्तोवर मध्ये जो क्षण जातो, तेवढा मग्सीला पुरतो. उंच खेळाडूला कमरेत वाकून जिथे पोहोचावं लागतं, तिथे याचे हात आधीपासूनच आहेत. चेंडू त्याच्याकडे आला की उलटी पंचाईत. त्याचा ड्रिबल इतका बुटका की हिसकायला वाकणाराच तोल घालवून बसतो. दहा फुटांवरच्या रिंगकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण बास्केटबॉलचा निम्मा खेळ जमिनीलगत चालतो, असं माझं ठाम मत आहे. इथे ते डोळ्यांदेखत घडतंय. प्रेक्षकांचं हसणं केव्हाच बंद झालंय. डनबार 84, कॅम्डन 59.

आता बॉल्टिमोरला चला, डनबारच्या सरावाला. प्रशिक्षक बॉब वेड पोरांच्या हातात विटा देतात. खऱ्याखुऱ्या विटा. त्या धरून धावायचं, हात वर ठेवायचे. खांदे भरून येतात, तक्रार कुणी करत नाही. मग्सी राहतो लाफायेट कोर्ट्स या सरकारी वसाहतीत. पाच वर्षांचा असताना त्याच्या हातापायांत बंदुकीचे छर्रे घुसले होते. रेगी विल्यम्स आणि डेव्हिड विंगेट त्याच्यासोबत खेळतात. बाकावर बसलाय तो रेगी लुईस. या संघात त्याला सुरुवातीच्या पाचांतही जागा नाही! या हंगामात डनबार 29 पैकी 29 सामने जिंकणार आहे, पुढच्या हंगामात 31 पैकी 31.

नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात फार रेंगाळू नका. पहिल्या वर्षी मग्सीला फारसं खेळायलाच मिळत नाही, सरासरी 1.2 गुण. चौथ्या वर्षी हाच गार्ड सामन्यामागे 14.8 गुण आणि 9.5 असिस्ट करतो. मधल्या 1986 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या संघातून तो स्पेनमध्ये जागतिक विजेतेपदही मिळवून येतो.

22 जून 1987, न्यूयॉर्क. एनबीएचा ड्राफ्ट. चौथं नाव पुकारलं जातं: रेगी विल्यम्स. अकरावं रेगी मिलर, पुढे ज्याचे तीन-गुणी फटके जगभर गाजणार आहेत. आणि त्याच्या लगेच पाठोपाठ, बारावं, मग्सी बोग्स! वॉशिंग्टन बुलेट्सनी त्याला घेतलंय. बाविसावा रेगी लुईस, तो बोस्टनला. डनबारच्या एका संघातली तीन पोरं एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत. लुईससाठी टाळ्या जरा जास्तच वाजवा, कारण 1993 च्या जुलैत, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, हृदयविकार त्याला घेऊन जाणार आहे.

बुलेट्समध्ये मग्सीच्या शेजारी उभा राहतो सात फूट सात इंचांचा मनूट बोल. छायाचित्रकारांची झुंबड उडते. या गर्दीत मग्सीचा खेळ बघायला कुणाला सवड आहे? वर्षभरातच बुलेट्स त्याला सोडतात आणि शार्लट हॉर्नेट्स हा नवाकोरा संघ उचलतो. तिथे मात्र तो 1997 पर्यंत टिकतो, शहराचा लाडका होतो.

एकूण 14 हंगाम, 889 सामने, 6,726 असिस्ट. त्याच्याहून बुटका खेळाडू एनबीएत आजवर झालेला नाही.