गेज आणि मॉर्गेज

बार्शी लाइटची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘नॅरोगेज’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे उभी केली. (वैमानिकांसाठी पॅराशूट बनवणारा तो हाच!) १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १९११ मध्ये ती येडशी, ढोकीवरून लातूरला पोचली. कुर्डुवाडीला मात्र रूळ बदलत. तिथे धान्याचे प्रत्येक पोते उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावे लागे. २००८ पर्यंत हा मार्ग ब्रॉडगेज झाला, रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर झाले आणि धाराशिव शहरही रेल्वेमार्गावर आले.

आता याच भागातला एखादा विद्यार्थी विचारील, ‘‘सर, जमीन बँकेत मॉर्गेज ठेवतात, त्यातले गेज हेच का?’’ प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. देवनागरीत दोन्ही ‘गेज’ सारखेच दिसतात. इंग्रजीत मात्र रुळांच्या गेजमध्ये ‘ए’नंतर ‘यू’ असतो, मॉर्गेजमधल्या गेजमध्ये नसतो. अमेरिकेत मापाच्या गेजमधलाही ‘यू’ कधीकधी गाळतात, तेव्हा एवढ्यावर विसंबून चालणार नाही. अर्थाकडेच वळावे लागते.

पहिला गेज म्हणजे ठरीव माप. पर्जन्यमापक हा ‘रेनगेज’, तो याच घरातला. दुसरा गेज म्हणजे तारण, दिलेला शब्द. दोन्ही जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले, पण मुळे वेगळी. तारणाचा गेज मूळ जर्मानिक शब्दाचा. त्याच्या आरंभी ‘व’ होता. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘ग’ झाला, नॉर्मन लोकांनी ‘व’ तसाच ठेवला. म्हणून पगाराचा ‘वेज’ आणि पैजेचा ‘वेजर’ हे याच गेजचे सख्खे भाऊ. वाङ्निश्चयाची ‘एंगेजमेंट’सुद्धा त्याच कुळातली.

राहिला ‘मॉर्ट’. त्याचा अर्थ मृत. मेलेले तारण कसले? बाराव्या शतकातल्या ग्लॅनव्हिलच्या नावाच्या इंग्रजी कायदेग्रंथात याचा खुलासा आहे. सावकार गहाण जमिनीचे उत्पन्न खातो, पण ते कर्जातून वजा होत नाही, असे ते गहाण. जमीन पिकते, कर्ज तेवढेच राहते. (सतराव्या शतकात एडवर्ड कोक याने वेगळी उपपत्ती दिली: कर्ज फिटले नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटले तर धनकोला. मला ती मागाहून जुळवलेली वाटते.) आपल्याकडे कबजेगहाण आणि नजरगहाण हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ग्लॅनव्हिलचे गहाण परके वाटणार नाही. कबजेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात जाते, नजरगहाणात ती कसणाऱ्याकडेच राहते. पहिल्यात उत्पन्न कोणत्या खाती पडते यावर घर तरते किंवा बुडते.

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि अशा व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. हा कायदा इंग्रजी मुलखातल्या बार्शीला लागू होता. शेजारची येडशी निजामाच्या राज्यात, तिथे तो नव्हता. कॅलथ्रॉपच्या रुळांचे माप मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना अडीच फूटच होते.