छायाचित्राची मूळ प्रत



जुन्या घराच्या ओसरीवर आजोबांची एखादी तसबीर टांगलेली असते. डोक्याला पटका, अंगात बंद गळ्याचा कोट आणि चेहरा कसा अगदी तुकतुकीत! घरातली म्हातारी माणसे मात्र हसून सांगतात, "अरे, त्यांच्या तोंडावर देवीचे व्रण होते की! अन् हा कोट तर फोटोवाल्याचा." कोट स्टुडिओतल्या खुंटीवरचा, आणि व्रण पेन्सिलीने बुजवलेले. तेव्हा फोटोत फेरफार करणे ही मोबाईलने लावलेली नवी खोड आहे, असे जे आपण म्हणतो, ते काही खरे नाही. फोटो जन्माला आला आणि त्याच्या पाठोपाठच ही विद्या आली.

फोटोची कृती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, पण त्यांनाही हाच नाद लागला. नाद खरा कष्टाचा होता. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात ती काच धुवायची. जरा उशीर झाला की सगळी मेहनत वाया.

आपल्याला अधिक जवळचे नाव म्हणजे लाला दीनदयाळ. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारा हा माणूस. नोकरी सांभाळून फोटोग्राफी शिकला आणि पुढे सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला. निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता, हे आपण जाणताच. दीनदयाळ १९०५ साली वारले. परंतु त्यांच्या अडीच हजारांहून अधिक मूळ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवलेल्या आहेत. या 'मूळ' शब्दाकडे लक्ष असू द्या. आजच्या बोलण्याचा सारा भर त्याच्यावर आहे.

आता त्या पेन्सिलीकडे वळू. म्युनिकचा हान्फष्टेंगल नावाचा एक फोटोग्राफर होता. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने एकाच निगेटिव्हचे दोन फोटो मांडले, एक दुरुस्तीच्या आधीचा आणि एक नंतरचा. लोक थक्क झाले. मग गावोगावच्या स्टुडिओंत ही कला पोहोचली. बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर हलके ठिपके द्यायचे, की सुरकुती नाहीशी. कागदावर उतरलेल्या फोटोवर रंगही चढवायचे. यात फसवणूक फारशी नव्हती; गिऱ्हाइकाला तेच हवे असे. परंतु हीच विद्या वाईट हातीही गेली. सोव्हिएत रशियात येझॉव्ह नावाचा पोलीसप्रमुख स्टालिनच्या शेजारी कालव्याच्या काठी उभा होता. १९४० साली त्याला देहदंड झाला, आणि त्या फोटोतूनही तो पुसला गेला. त्याच्या जागी नुसते पाणी दिसू लागले.

मग आजच्या डिजिटल फोटोत नवे ते काय? १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला. त्यासाठी फोटोचे उभे-आडवे १७६ भाग केले. रांगोळी घालताना आधी ठिपक्यांची जाळी मांडतात ना, तसेच. फरक इतकाच, की इथे प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा. आपल्या मोबाईलच्या फोटोत असे ठिपके लाखोंनी, कोटींनी असतात. उजेड वाढवला की आकडे वाढतात. एखादी वस्तू पुसली की तिथले आकडे जाऊन शेजारचे आकडे येतात. आणि गोम इथेच आहे. काचेवरची पेन्सिल भिंगाखाली दिसते. बदललेला आकडा मात्र पूर्वी काय होता, हे साध्या डोळ्यांना कधी सांगत नाही.

हे मला पुस्तकातून कळले नाही, चुकीतून कळले. चाळिशी उलटल्यावर मी कॅमेरा हाती घेतला. आपल्या जिल्ह्यात चारठाण्याची मंदिरे आहेत, वालूरची बारव आहे. विद्यार्थ्यांना घेऊन आडगावांतल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढावेत, असा बेत. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी बारवेचा सुरेख फोटो मिळाला, पण मध्येच विजेचा खांब आणि त्याच्या बुडाशी एक अर्धवट पुरलेला धोंडा. घरी आलो आणि संगणकावर दोन्ही पुसून टाकले. फोटो कॉलेजच्या वार्षिकांकात छापून आला, वाहवा झाली. कार्डात जागा हवी म्हणून मूळ फोटोही काढून टाकला.

पुढच्या वर्षी त्याच गावचा एक मुलगा वार्षिकांक घेऊन आला. म्हणाला, "सर, यातला आमचा वीरगळ कुठं गेला? आमची आजी पोळ्याला त्याला शेंदूर लावायची." गाईंसाठी लढताना पडलेल्या कुण्या वीराचा तो दगड होता! धावत गेलो. तोवर तिथे रस्ता रुंद झाला होता आणि दगड कुठे गेला, ते कुणालाच सांगता येईना. गावातून तो नंतर गेला. माझ्या फोटोतून मात्र मी त्याला आधीच घालवला होता.

तेव्हापासून मी काही नेम पाळतो. शिक्षकबंधूंनी मुलांनाही ते जरूर सांगावेत. पहिला, मूळ फोटोला हात लावायचा नाही. जे काय सुधारायचे ते त्याच्या नकलेवर. दुसरा, उजेड कमी-जास्त करावा, वाकडे सरळ करावे, कडा कापाव्यात. पण जे तिथे होते ते पुसू नये, आणि नव्हते ते आणू नये. तिसरा, फोटोसोबत गाव, तारीख आणि कोणत्या बाजूने काढला, हे लिहावे. चौथा, प्रत दोन ठिकाणी ठेवावी. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षे बसून तिथल्या चित्रांच्या नकला रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आपल्या हातातल्या यंत्राला दुसरी प्रत करायला क्षणही लागत नाही.

आणि एक साधी युक्ती सांगतो. शिलालेख किंवा वीरगळ भर दुपारी टिपू नका. सकाळी किंवा सांजेला ऊन बाजूने तिरपे पडले, की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि झिजलेले अक्षरही उठून दिसते. अशा वेळी पुढे दुरुस्तीची फारशी गरजच पडत नाही.

छंद जरूर करावा. आजोबांच्या तसबिरीतले व्रण बुजवले म्हणून कुणाचे काही बिघडले नाही. ते सांगणारी माणसे घरात होती. बारवेपाशी उभा असलेला दगड आपल्याविषयी सांगायला कुणाला पाठवू शकत नाही. त्याच्या वतीने बोलायला आपली मूळ प्रत तेवढी उरते.