मिस बर्नसाइड यांच्या वह्या

हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीतला, पोट सुटलेला, सिगरेट ओढणारा पुरुष येतो. तान्हं बाळ नाही येत. ते दिसायला लागलं याचं श्रेय डॉक्टरांना मिळालं, आणि ते रास्तही आहे. पण मी ते आधी काही नर्सबायांना देते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडला एक धास्ती बसली होती. बोअर युद्धाच्या भरतीला आलेल्या तरुणांपैकी कितीतरी जण अशक्त म्हणून परत पाठवावे लागले होते. साम्राज्य सांभाळायचं तर धडधाकट पोरं नकोत का? १९०४ साली एका सरकारी समितीने यावर अहवाल दिला. (आयाबाळांचा कळवळा असा पलटणीच्या वाटेने आला, हे मला जरा बोचतंच.) सुइणींच्या कामाला शिस्त लावणारा कायदा १९०२ मध्ये झालेला होता.

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. १९११ मध्ये तिथे एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाई काम पाहत होत्या. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या त्या प्रमुख आणि सुइणींच्या निरीक्षक. पद्धत साधीच. मूल जन्मलं की सुईण त्याचं वजन करून लिहून ठेवणार. मग वर्षभर नर्स अधूनमधून घरी जाणार, आईशी बोलणार, चार गोष्टी सांगणार. बाळ अंगावर पितंय की बाटलीने, आजारी पडलं का, दात किती आले... आणि वर्षाचं झालं की पुन्हा वजन. हे सगळं मोठमोठ्या वह्यांमध्ये उतरवलं जायचं, वर्षानुवर्षं, अगदी १९४८ पर्यंत. मूल पहिलं वर्ष पार करून जगावं, एवढाच हेतू. हृदयाचा विचार त्यात कुठेच नव्हता!

पुढचा भाग साउथॅम्प्टनचा. डेव्हिड बार्कर आणि क्लाइव्ह ऑस्मंड यांनी १९८६ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. इंग्लंड-वेल्समधल्या ज्या भागांत १९२१-२५ मध्ये तान्ही मुलं जास्त दगावत होती, त्याच भागांत १९६८-७८ मध्ये हृदयविकाराने जास्त माणसं मरत होती. सुखवस्तूंचा म्हणून ओळखला जाणारा रोग गरीब भागांत कसा? पण हे झालं भागांबद्दल. एकेका माणसाबद्दल बोलायचं तर त्याचं जन्माचं वजन हवं, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं वजन लिहून ठेवलंय कोणी? शोधाशोध सुरू झाली आणि हर्टफर्डशायरच्या वह्या सापडल्या.

१९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५६५४ पुरुषांचा माग काढला गेला. निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. देशाची सरासरी १०० धरली, तर वर्षाचे असताना १८ पौंड (सुमारे ८.२ किलो) किंवा कमी भरलेल्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण १११, आणि २७ पौंड किंवा जास्त भरलेल्यांमध्ये अवघं ४२. मी हा आकडा दोनदा वाचला.

पहिल्या अभ्यासात फक्त पुरुष का? बायकांची आडनावं लग्नानंतर बदलतात, माग काढणं कठीण! वह्या बायकांनी लिहिल्या, आणि शोधायला अवघड ठरल्या त्याही बायकाच. त्यांच्याबद्दलचा अभ्यास १९९३ मध्ये आला.

टीका झालीच. कमी वजनाचं बाळ गरीब घरातलं असणार, पुढे आयुष्यभर गरिबीच भोगणार, मग दोष जन्माचा की गरिबीचा? प्रश्न योग्य होता. मात्र मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. "आईने नीट खाल्लं नाही" असं म्हणून सगळं खापर तिच्या माथी फोडणं फार सोपं आहे. तिच्या ताटात काय पडत होतं, आणि ती स्वतः लहान असताना काय पडलं होतं, हे कोण विचारतो?

हा प्रश्न विचारला गेला तो आपल्या पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास, साउथॅम्प्टनची ३.५ किलो. गंमत म्हणजे आपली बाळं दिसायला किडकिडीत, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. कमी होतं ते स्नायूंचं मांस. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं जरा मोठी निघाली. मेथी-चवळीसारखी साधी पालेभाजी, बाकी काही नाही.

या अभ्यासातला मला सगळ्यात आवडलेला भाग तर अगदीच बिनचमकीचा आहे. दिवस कधी राहिले ते नेमकं कळायला हवं, म्हणून गरोदर राहण्याच्या आधीपासूनच दर महिन्याला घरोघरी जाऊन विचारायचं, "या वेळी पाळी कधी आली?" आणि तारीख लिहून घ्यायची. पुढच्या महिन्यात पुन्हा.