यीस्टशिवायचा पिझ्झा आणि सात पौंडांची चक्की

तर मंडळी, झालं असं. दिवाळीला वर्ध्याला घरी गेलो होतो. घर सेवाग्रामच्या रस्त्यावर, बापूकुटी सायकलने दहा मिनिटं. भाऊबीजेच्या संध्याकाळी भाचेमंडळींनी पिझ्झ्याचा हट्ट धरला. पुण्याचा मामा आलाय म्हणजे त्याला पिझ्झा येणारच, असा त्यांचा हिशोब. (मामाला जावा येतं. पण सात वर्षांच्या मुलाला हे कोण समजावणार?) चीज फ्रीजमध्ये होतं, सिमला मिरची होती. यीस्ट नव्हतं, आणि सणाच्या दिवशी सगळी किराणा दुकानं बंद.

यीस्ट नसलं तरी पिझ्झ्याचं पीठ होतं, आणि पंधरा मिनिटांत होतं. दोन वाट्या मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चवीपुरतं मीठ, चमचाभर तेल आणि मावेल तेवढं घट्ट दही. साधारण पाऊण वाटी लागतं. मळायचं, ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवायचं, लाटायचं. जाड लोखंडी तव्यावर एक बाजू भाजून उलटायचं, भाजलेल्या बाजूवर सॉस, भाज्या, चीज घालून झाकण ठेवायचं, गॅस बारीक. झालं.

यात गंमत एवढीच की पीठ फुगवणारा वायू तोच, कार्बन डायऑक्साईड. फक्त तो बनवायचं काम वेगळ्याकडे दिलेलं असतं. यीस्ट म्हणजे जिवंत बुरशी. ती पिठातली साखर खाते, वायू सोडते आणि तिच्या वेगाने काम करते. नेपल्सचे पिझ्झेवाले पीठ आठ-आठ तास, कधी त्याहून जास्त ठेवतात, कारण तेवढ्या वेळात चवही तयार होते. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि सोडा आधीच एकत्र असतात, ओलावा आणि उष्णता मिळाली की लगेच वायू. ही पावडर १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने काढली, कारण त्याच्या बायकोला यीस्टची अ‍ॅलर्जी होती. जगातल्या समस्त आळशी स्वयंपाक्यांनी या बाईंचे आभार मानायला हवेत.

आपल्याकडे तिसरा मार्गही होता. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा पाव फुगवायला ताडी वापरली गेली. आंबलेल्या ताडीत यीस्ट असतंच. आमच्या वर्ध्यात याच्या बरोबर उलटी खटपट चालली होती. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे लोक ताडाचा रस आंबू न देता त्याचा गूळ कसा करायचा याच्या मागे होते. झाडाचाच रस, एकीकडे तो आंबावा म्हणून धडपड, दुसरीकडे आंबू नये म्हणून! असो.

मी पीठ मळत असताना आजी ओट्याशी येऊन उभी राहिली. वय ऐंशीच्या पुढे, नजर तेज. मैद्याकडे बघून म्हणाली, "काऊन रे बाबू, चक्की बंद हाय का गावातली? कणीक नाही भेटली?" (पुणेकरांसाठी: आमच्याकडे पिठाच्या गिरणीला चक्की म्हणतात.) मी म्हटलं आजी, कणकेचा एवढा फुगत नाही, कोंडा मध्ये येतो. ते खरंच आहे. मैद्याचं पीठ ताणलं की ग्लुटेनची जाळी तयार होते आणि वायू त्यात अडकतो. कोंड्याचे कण ती जाळी जागोजागी तोडतात. शिवाय चक्कीच्या दगडांत स्टार्चचे कण जास्त चिरडले जातात, म्हणून कणीक पाणीही जास्त पिते. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आमचे रोडगे कसे होत?"

इथे माझी बोलती बंद. रोडगे माहीत नसतील त्यांच्यासाठी: जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, वरून तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. ना यीस्ट, ना सोडा. आणि पीठ हातावर ताणण्याचं म्हणाल, तर नागपूरकडे लांब पोळ्या करणाऱ्या बाया सैलसर कणीक आपटून आपटून अशी तयार करतात की ती दोन्ही हातांवर पार कोपरापर्यंत ताणली जाते, मग उलट्या मडक्यावर पडते. इटलीतल्या कोणत्याही पिझ्झेवाल्याने तिथे येऊन क्लास लावावा. म्हणजे कणकेत दम नाही हे माझं म्हणणं अर्धंच बरोबर होतं.

पिझ्झा झाला, संपला. रात्री झोप येईना म्हणून 'सत्याचे प्रयोग' काढलं. (वर्ध्यात वाढलेल्या मुलाकडे हे पुस्तक असतंच. मला शाळेत तीनदा बक्षीस मिळालंय.) त्यात पावाचं काहीतरी आहे एवढं आठवत होतं. सापडलं. जोहान्सबर्गचं घर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षं. गांधी तेव्हा वकिली करत होते, कमाई चांगली होती. साधेपणाच्या ओढीने त्यांनी बेकरीचा पाव बंद केला आणि लुई कूनेच्या कृतीने घरीच पाव करायला सुरुवात केली. कूने हे लाइपझिगचे निसर्गोपचारवाले. त्यांचा पाव म्हणजे न चाळलेलं गव्हाचं पीठ, यीस्ट अजिबात नाही. म्हणजे आमच्या रोडग्याचा जर्मन मावसभाऊच.

पण या पावाला गिरणीतलं पीठ चालेना. घरी दळलेलं हवं. म्हणून गांधींनी सात पौंडांना हातचक्की विकत घेतली. तिचं लोखंडी चाक एकट्याला जड जायचं, दोघांना सोपं. ते स्वतः, मित्र पोलाक आणि मुलं दळायची. कस्तुरबाही कधीकधी हात लावायच्या, पण ती वेळ त्यांची स्वयंपाकाला लागायची. मिली पोलाक लग्न करून या घरात आल्या आणि त्यांनी पुढे आठवणी लिहिल्या. त्यातही हे दृश्य आहे: सकाळी साडेसहाच्या सुमाराला घरातले पुरुष दळायला जमायचे.

हे वाचून मी उठून बसलो. १९०५-०६ साली, बॅरिस्टरच्या घरात, सकाळी पुरुष दळतायत! आपल्याकडे आजही किती घरांत पुरुष कणीक मळतो? (मी मळतो, पण फोटो काढण्यापुरती.) पुढे १९१० मध्ये टॉलस्टॉय फार्म सुरू झाला, तिथेही घरचाच पाव होता.

पण त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या डोक्यात अडकून बसली. गांधी म्हणतात की दळण्यामुळे मुलांना चांगला व्यायाम झाला, त्यांच्यावर ते कधी लादलं नाही, आणि थकलं की सोडून जायची त्यांना मोकळीक होती.

सकाळी हे आजीला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, "आमाले कोन म्हने, थकली त ऊठ म्हून?"

आजीचं सासर सेलू तालुक्यात. लग्न होऊन आली तेव्हा गावात चक्की नव्हती. पहाटे चारला उठून नऊ माणसांची ज्वारी दळायची. गहू सणाला. ज्वारीचं पीठ दळून ठेवलं की काही दिवसांत त्याची भाकरी थापताना तुटायला लागते, म्हणून महिन्याचं एकदम दळून मोकळं होता येत नाही. गव्हाचंही तेच. आख्ख्या दाण्यात अंकुराचं तेल असतं, पीठ केलं की ते हवेने खवट होतं. कारखान्यातल्या रोलर मिलने हा प्रश्न एका झटक्यात सोडवला: अंकुर आणि कोंडा काढूनच टाकला. म्हणून मैदा महिनोन्‌महिने टिकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मैदा हे कॅशे केलेलं पीठ आहे. माझा पंधरा मिनिटांचा पिझ्झा पंधरा मिनिटांत झाला तो बेकिंग पावडरमुळे नव्हे. दळण कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं म्हणून झाला.

आता वर्ध्याचा इतिहास इथे आडवा येतो. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री. ३० एप्रिल १९३६ ला गांधी सेगावात राहायला आले. शेगावशी घोळ होऊन पत्रं भलतीकडे जायला लागली म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. संघाच्या कार्यक्रमात हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ आणि हातदळणीचं पीठ होतं. कारणं दोन. एक आरोग्याचं: गिरणी दाण्यातलं सत्त्व घालवते. दुसरं रोजगाराचं: गिरणी आली की गावातलं काम आणि पैसा दोन्ही जातं.

शाळेत असताना मला हे सगळं आदर्शवादी वाटायचं. मोठा झाल्यावर थोडं चीड आणणारं वाटायला लागलं, कारण आजीने पहाटे उठून जे सोसलं त्याला 'ग्रामोद्योग' म्हणायचं म्हणजे काय? आजीच्या सासरी डिझेलची चक्की आली तो दिवस तिला अजून आठवतो. त्या दिवसापासून दोन तास झोप वाढली, असं ती सांगते. माझ्या लेखी हा स्वातंत्र्यदिन आहे.

पण मग तिनेच दुसरी गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. तिची आई लवकर विधवा झाली. दळण-कांडण करून तिने तीन लेकरं वाढवली. आपण मराठी आत्मचरित्रांत हा शब्द इतक्यांदा वाचलाय की त्याचा अर्थ लागेनासा झालाय. लोकांचं धान्य दळून द्यायचं, बदल्यात थोडं धान्य किंवा पैसे. आजीच्या माहेरी चक्की आधी आली. त्या वर्षी तिच्या आईचं काम तुटलं आणि ती दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाऊ लागली.

म्हणजे एकाच यंत्राने लेकीला झोप दिली आणि आईचं काम काढून घेतलं. कुमारप्पा बरोबर होते की चूक? माझं मत विचाराल तर: रोजगाराबद्दल बरोबर होते. पण ज्या घरात दळणाचे पैसे कुणी देत नाही आणि थकलं तर उठता येत नाही, तिथल्या बाईने चक्कीकडे पाठ फिरवावी असं मी तरी म्हणू शकत नाही. जोहान्सबर्गच्या घरात गांधींनी पुरुषांना चाकाला जुंपलं, हा त्यातला खरा क्रांतिकारक भाग होता. सेवाग्राम आश्रमातही स्वयंपाकघराचं काम सगळ्यांनी वाटून घ्यायचं होतं. आश्रमाबाहेर, आमच्या घरांत, जातं शिकवणीसारखं पोचलं पण पुरुष काही जात्याशी बसला नाही.

आजीचं जातं परसात आहे, वरच्या तळीवर तुळशीची कुंडी. मी कुंडी उतरवली, धुतलं, खुंटा ठोकून बसवला. वाटीभर गहू घातले. सुरुवातीला बरं वाटतं. दहा मिनिटांनी खांदा बोलायला लागतो. पाऊण तासात दोन वाट्या जाडंभरडं पीठ निघालं आणि तळव्याला फोड आला. मी उठलो. त्या मुलांसारखाच, थकलो म्हणून.

आजीला म्हटलं, एखादी ओवी म्हण ना. पुण्यात गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या बऱ्याच आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात, हेही तिला सांगितलं. तिने दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. "हात फिरत नाही त आठवत नाही," म्हणाली. मग स्वतःच जात्याशी बसायला निघाली, आईने तिला धरून मागे आणलं.

त्या पिठाचा पिझ्झा केला. फक्त पीठ, पाणी, मीठ. रात्रभर झाकून ठेवलं (पाणी आणि वेळ मिळाला की ग्लुटेन न मळताही जुळून येतं). सकाळी थापून जाड तव्यावर भाजला. फुगला नाही. कडा कडक, मधे चिवट, चव मात्र भाजलेल्या गव्हाची. भाच्याने एक घास खाऊन ताट सरकवलं, तो मैद्यावरच खूश आहे. आजीने चीज बाजूला काढून ठेवलं आणि बाकीचा ठेच्याशी खाल्ला.