हिवाळी भाजीपाला, घरगुती (कोथरूड, पुणे)

हिवाळी भाजीपाला, घरगुती : पुण्याच्या पश्चिमेकडील कोथरूड उपनगरात बंगल्यांच्या परसात, सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि सदनिकांच्या गॅलऱ्यांत साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात पिकवली जाणारी भाजी. मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत, शेपू, मुळा, गाजर, बीट, नवलकोल, कोबी, फ्लॉवर, मटार, पावटा, टोमॅटो, वांगी आणि कांद्या-लसणाची पात ही तिच्यातली नेहमीची पिके. यांतल्या एकालाही इथे कृत्रिम ऊब द्यावी लागत नाही.

उत्तरेकडील थंड देशांत हिवाळी भाजीचा सगळा खटाटोप ऊब राखण्यासाठी असतो. अमेरिकेतील मेन राज्यातले शेतकरी एलियट कोलमन यांनी शेगडी वा हीटर न वापरता, केवळ प्लॅस्टिकच्या घरात आणि त्याच्या आत कापडी आच्छादनाखाली बर्फाच्या दिवसांतही पालेभाज्या काढून दाखवल्या. त्यांचा अनुभव असा की थंडीपेक्षा उजेडाची टंचाई मोठी असते. दिवस दहा तासांहून लहान झाला की रोपांची वाढ जवळजवळ थांबते. पुणे 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, म्हणजे 21-22 डिसेंबरला, इथे सूर्य सुमारे 11 तास वर असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीमुळे डिसेंबर-जानेवारीतली रात्र 11-12 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, दुपार 29-30 अंशांवर जाते. कोबीवर्गातल्या पिकांना, मटाराला आणि बहुतेक पालेभाज्यांना याहून चांगले हवामान महाराष्ट्रात वर्षभरात दुसरे मिळत नाही. 17 जानेवारी 1935 रोजी पुण्यात 1.7 अंश तापमान नोंदले गेले, पण अशी रात्र विरळाच. राज्यात ऊब देऊन पीक वाचवण्याची वेळ येते ती नाशिक जिल्ह्यात, निफाडच्या द्राक्षबागांवर. तिथे कडाक्याच्या थंडीत बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. कोथरूडच्या गच्चीवर ती पाळी येत नाही.

तेव्हा इथला खरा प्रश्न उन्हाचा आहे, आणि तो दिवसेंदिवस बिकट होत चालला आहे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य माथ्यावर येत नाही. दुपारी साडेबाराच्या सुमारास, तो सर्वांत उंच असतानाही, दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला चांगला : दक्षिणेकडच्या गॅलरीत या दिवसांत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचते. हीच गॅलरी जूनमध्ये दुपारी सावलीत असते, कारण तेव्हा सूर्य माथ्याच्याही थोडा उत्तरेला गेलेला असतो. दक्षिणेची गॅलरी ही म्हणूनच हिवाळी भाजीची हक्काची जागा आहे. तिथे नुसत्या शोभेच्या कुंड्या ठेवणे म्हणजे ती वाया घालवणे होय. दुसरा परिणाम सावल्यांचा. दहा मजली, म्हणजे सुमारे 30 मीटर उंच इमारतीची दुपारची सावली डिसेंबरात उत्तरेकडे साधारण 27 मीटर पडते. जूनमध्ये ती तीन मीटरही नसते. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांत बंगले आणि तीन-चार मजली सोसायट्या पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. नव्या इमारतीच्या उत्तरेला राहिलेल्या बंगल्याची परसबाग पावसाळ्यात टवटवीत दिसते आणि ऐन हंगामात, मटाराला फुले येण्याच्या वेळी, अंधारात जाते. पुनर्विकासाच्या चर्चेत पार्किंग, पाणी, चटईक्षेत्र हे सगळे येते. शेजाऱ्याच्या हिवाळी उन्हाचा विचार मात्र होत नाही, आणि तो व्हायला हवा.

गच्चीवरही हा हिशेब विसरून चालत नाही. दक्षिणेचा कठडा एक मीटर उंच असेल तर त्याच्या आतल्या बाजूची जवळजवळ मीटरभर पट्टी दुपारीसुद्धा सावलीत राहते. कुंड्या तिथून मागे सरकवाव्यात किंवा विटांवर उंच ठेवाव्यात. उत्तरेच्या कठड्याला टेकलेल्या कुंड्यांना मात्र दुहेरी लाभ होतो : दिवसभर समोरून ऊन मिळते, आणि तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. टोमॅटो आणि वांगी तिथे लावावीत. फळभाज्यांना रोज निदान सहा तास ऊन हवे. तीन-चार तासच मिळत असेल तर पालेभाज्यांवर समाधान मानावे. पालक, मेथी आणि कांद्याची पात तेवढ्यावर येते.

पेरणीचे वेळापत्रक सणांवर बसवता येते. घटस्थापनेच्या आसपास टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर यांचे बी रोपांसाठी टाकतात. तीन-चार आठवड्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, रोपे मोठ्या कुंडीत जातात. मटार आणि मुळा थेट पेरतात. मेथी पंचवीस-तीस दिवसांत उपटण्याजोगी होते, कोथिंबीर चाळीसेक दिवसांत. दोन्हींसाठी स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे चालतात. धणे फक्त हलके रगडून दुभंगून घ्यावे लागतात. एकदम सगळे न पेरता दर दहा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरले तर घराला सतत ताजी भाजी मिळते. चंपाषष्ठीला, चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे पुन्हा ताटात येते तेव्हा, भरिताबरोबर पातीचा कांदा घरचा असू शकतो. भोगीच्या मिसळभाजीतले गाजर, पावटा आणि वांगे यांचाही ऐन बहर त्या सणाच्या सुमारास असतो. वांग्यांत पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या नावाने ओळखला जाणारा ‘मांजरी गोटा’ हा वाण इथल्या हवेला सरावलेला आहे. फ्लॉवरच्या बाबतीत वाण निवडताना विशेष जपावे लागते, कारण गड्डा धरणे तापमानावर ठरते : लवकरचा वाण उशिरा लावला तर बटणाएवढे गड्डे येतात, उशिराचा वाण उबेत नुसती पाने वाढवत राहतो. भेंडी, गवार, काकडी यांचे बी या दिवसांत नीट उगवत नाही. त्यांच्यासाठी फेब्रुवारीची वाट पाहणे बरे.

पालेभाज्यांना 15 सेंटिमीटर खोलीचा ट्रे पुरतो, मुळा-गाजराला 30, टोमॅटो-वांग्याला 30 ते 45. इथे वजनाचा मुद्दा येतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. वावर असलेल्या सपाट छतावर भारतीय मानकानुसार धरला जाणारा भार चौरस मीटरला सुमारे 150 किलो असतो. 30 सेंटिमीटर ओल्या मातीचा सलग वाफा तेवढ्याच जागेवर 500 किलोच्या आसपास भरतो. जुन्या इमारतीच्या गच्चीवर मातीचे वाफे घालू नयेत. पालापाचोळा, उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरावे. या पद्धतीचा पाया महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने घातला, ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक आजही वाचण्याजोगे आहे. शेण, गोमूत्र आणि गूळ पाण्यात मुरवून केलेल्या अमृतजलाने पालापाचोळा कुजवून सुपीक माध्यम तयार करता येते. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग याच विचारातून आली. कोथरूडमध्ये रस्त्यांवर झाडे भरपूर आणि थंडीत पानगळही भरपूर. ती पाने जाळण्याऐवजी पोत्यात भरून गच्चीवर नेणारे लोक इथे आहेत, आणि त्यांच्यामुळेच अनेक बागा टिकून आहेत. घरच्या गांडूळखत प्रकल्पाला पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते.

पाणी थंडीत कमी लागते. मातीत बोट खुपसून ती कोरडी लागली तरच घालावे, आणि सकाळी. संध्याकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहून बुरशीला आमंत्रण देतात. मटारावर भुरी, पालकावर नागअळी, कोबीवर हिरव्या अळ्या या नेहमीच्या तक्रारी. डिसेंबरात दोन-तीन दिवस आभाळ धरले की मावा हमखास येतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपार तापू लागते. कोथिंबीर आणि मेथी फुलावर येतात, पालकाला दांडे फुटतात, मटाराच्या शेंगा भरेनाशा होतात. दोन-चार कोथिंबिरीची झाडे उपटू नयेत : फुलांवर मधमाश्या येतात आणि मार्चअखेर धणे मिळतात. मुळ्याची एक-दोन झाडे राखली तर डिंगऱ्यांची भाजी होते. बाकीचे अवशेष बारीक तोडून त्याच कुंड्यांवर आच्छादन म्हणून पसरतात, आणि त्याखाली गवार-भेंडीचे बी टोकतात.